आजीचं सोनं, पेटाऱ्यातलं जुनं सामान अन् पडका वाडा – किंमत कोण काढून देईल? (अमरावती-अकोला साइड)

पऱ्हाटीवाला
राम राम मंडळी. अंजनगाव सुर्जीकडचं खेडं आहे आमचं. आजी गेल्यापासून वाड्याले कुलूप लागलं, अन् आता बाबा, काका आणि दोन्ही आत्या मिळून ठरवून राहिले की वाटणी करून मोकळं व्हावं. भांडण अजून कोणाचंच नाही, पण होऊ नये म्हणून आधी सगळ्याची किंमत काढा असं म्हणणं पडलं, अन् घरात मोबाईल चालवता येते म्हणून ते काम माझ्या गळ्यात आलं.

सामान असं आहे: आजीची पुतळ्यांची माळ, बोरमाळ, गोठ, डोरलं, एक मोडकी नथ. चाळीसेक चांदीचे रुपये, काही राणीछाप काही राजाचे. घंगाळ, बंब, गुंड, कोपर, पितळ-तांब्याचे गंज भरपूर. किल्लीचं भिंतीवरचं घड्याळ. लाल कापडात बांधलेल्या पोथ्या, ज्या घरात कोणालेच वाचता येत नाहीत. देवघरात काळ्या दगडाची हातभर मूर्ती. अन् वाडा, सागवानाचे खांब-तुळया शाबूत आहेत पण माडीचा अर्धा भाग मागच्या पावसात बसला.

मागच्या आठवड्यात एक जण मोटरसायकलवर आला, मुंबईची पार्टी आहे म्हणे, वाड्यातलं सगळं सामान उक्तं घेतो, कॅश देतो. काका जवळपास हो म्हणतच होते. मी थांबवलं. आता सांगा, तालुक्यात किंवा जवळपास हे काम करणारं कोणी आहे का, का नागपूर गाठावं लागते?

ठेचा_भाकर
मोटरसायकलवाल्याले पहिले नाही म्हणा. बाकी नंतर बोलू.

संत्राबाग
हेच लिहायला आले होते. आमच्या वरूडकडे असे फिरून राहिले होते दोन वर्षांपूर्वी. शेजारच्या काकूकडून पितळेचं घंगाळ अन् नक्षीच्या चौकटीचा दरवाजा मिळून एका रकमेत नेला, कशाचे किती ते वेगळं काही सांगितलंच नाही. उक्ता सौदा म्हणजे ज्या वस्तूसाठी तो आला ती बाकीच्या भंगारात लपवून न्यायची युक्ती. त्याची नजर कशावर होती ते आठवून पहा, तीच तुमच्या घरातली महागाची वस्तू.

पऱ्हाटीवाला
ताई, खरं सांगू का, तो देवघरातच जास्त वेळ उभा होता. हात जोडून.

ठेचा_भाकर
हात जोडून 😂 भक्त निघाला बाप्पा

कसोटी
सोन्याचं मी सांगतो, अमरावतीचा आहे, घरात सराफी होती, आता मी दुसऱ्या धंद्यात आहे म्हणून मोकळेपणानं बोलता येते.

पहिलं म्हणजे जो माल विकत घेणार आहे त्यालेच किंमत काढायला सांगू नका. तुम्ही दुकानात जाऊन "याचे किती येतील" विचारता तेव्हा तो किंमत सांगत नसते, तो स्वतःच्या खरेदीचा भाव सांगते, त्यात त्याची घट, त्याचा टाका (जोडाचा हलका धातू), त्याचा नफा सगळं आधीच कापलेलं असते. तो चोर आहे असं नाही, तो त्याचा धंदा करून राहिला.

शुद्धता काढायची तर सरळ बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरो) मान्यता असलेल्या हॉलमार्किंग सेंटरवर, म्हणजे शुद्धतेचा शिक्का मारतात तिथं, जा. तिथं साध्या गिऱ्हाईकालेही आपला दागिना तपासून मिळते, दुकानदार मधे लागत नाही. चार नगांपर्यंत मिळून २०० रुपये, पाच किंवा जास्त असतील तर नगाले ४५ रुपये, वरून टॅक्स. १६ जून २०२१ ले हॉलमार्क सक्तीचं झालं तेव्हा पहिल्या टप्प्यात तेच जिल्हे घेतले जिथं सेंटर होतं, त्यात आपले अमरावती, अकोला अन् नागपूर तिन्ही आहेत. म्हणजे सोन्यासाठी नागपूरले जायची गरज नाही. चालू सेंटरची यादी बीआयएसच्या साइटवर मिळते, जाण्याआधी फोन करून विचारा की सुटे गिऱ्हाईक कोणत्या वेळी घेता.

पऱ्हाटीवाला
भाऊ हे भारी सांगितलं. आमच्या दागिन्यावर कुठंच शिक्का नाही पण, ते चालते का? अन् तपासताना तोडतात का, आत्या त्या माळेले हात लावू देणार नाही.

कसोटी
शिक्का नसला तरी तपासतात, त्यासाठीच तर आहे. घरातलं जुनं बिनाशिक्क्याचं सोनं ठेवणं किंवा सराफाले विकणं यावर बंदी नाही, सक्ती विकणाऱ्या दुकानदारावर आहे. नवीन दागिन्यावर १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी (त्या दागिन्याचा ओळख नंबर) लागते, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कोणत्या दुकानानं, कोणत्या सेंटरवर केलं ते दिसते. तुमच्या जुन्या मालाले ते लागू नाही.

तपासायच्या दोन पद्धती. मशीनखाली ठेवून किरणांनी पाहतात, त्यात काही तुटत नाही, पण ते वरच्या थराचंच सांगते, आत काय आहे ते नाही. दुसरी म्हणजे थोडासा कण काढून भट्टीत तपासणे, ती पक्की, पण दागिन्याले इजा होते. जुन्या पुतळीसाठी मशीनवर समाधान माना.

बोरमाळेचं वेगळं. ते मणी आतून पोकळ असतात अन् लाख भरलेली असते. काट्यावर वीस ग्रॅम दिसलं म्हणून वीस ग्रॅम सोनं धरू नका. लाख किती ते माळ न गाळता अंदाजानंच सांगतात अन् सगळ्यात जास्त फसवणूक तिथंच होते, एक दुकानदार पाव वजन लाख म्हणेल, दुसरा अर्धं म्हणेल. दोन-तीन ठिकाणी विचारा अन् प्रत्येकाकडून कागदावर घ्या, एकूण वजन वेगळं, निव्वळ सोन्याचं वेगळं.

तोळ्याचाही घोळ ध्यानात ठेवा. आजी जे तोळे सांगत होती ते जुने, ११.६६ ग्रॅमचे. बाजारात आता तोळा म्हणजे १० ग्रॅम. घरच्या जुन्या वहीत "पाटल्या सहा तोळे" लिहिलं असेल तर ते सत्तर ग्रॅमच्या आसपास. तालुक्याचे लोक अजून दोन्ही बोलतात, म्हणून फक्त ग्रॅममध्येच बोला.

पुण्यातला_वऱ्हाडी
एक शंका. पुतळ्यांची माळ तर सोन्याच्या भावात जाणार नाही ना? म्हणजे जुनी असेल, हातानं ठोकलेली असेल तर तिची वेगळी किंमत असेलच. इकडे तर जुन्या ठुशा-पुतळ्यांची क्रेझ आहे सध्या.

कसोटी
असते, पण ती देणारा गिऱ्हाईक सराफ ओळीत नाही भेटत. सराफ वजनाचेच देईल, तो गाळणार. त्याचं जुनंपण ज्याले पाहिजे तो वेगळा माणूस. म्हणून माझं मत, वाटणीत पुतळ्या वजनाच्या भावानं धरा अन् ज्याले तिची माया आहे त्यानं ठेवा. गाळू तर बिलकुल नका.

कोर्टकचेरी
थोडं कायद्याचं बोलते, अकोल्याला प्रॅक्टिस करते.

पऱ्हाटीवाला दादा, किंमत काढायच्या आधी हे ठरवा की ती *कशासाठी* काढता. वाटणीसाठीची किंमत वेगळी, विकायची वेगळी, बँकेत कर्जासाठीची वेगळी, इन्कम टॅक्ससाठीची वेगळी. बँकेचा सराफ दगड, लाख, मीना सगळं वजा करून सांगतो कारण बँकेला उद्या बुडित निघालं तर काय हाती लागेल तेवढंच पाहायचं असतं. तो आकडा घेऊन वाटणीला बसलात तर ज्याच्या वाट्याला सोनं येईल तो फायद्यात आणि ज्याला रोख येईल तो घाट्यात.

दुसरं, आत्यांचं. आजीचे दागिने हे आजीचे स्वतःचे. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यानं मुलगे, मुली आणि हयात असेल तर पती, सगळ्यांना सारखा हिस्सा. "मुलींचं लग्नात झालं" हे वाक्य मी आठवड्यातून चारदा ऐकते, त्याला कायद्यात किंमत नाही. वाड्यातही, तो वडिलोपार्जित असो की आजोबांचा स्वकष्टाचा, आत्यांना डावलून वाटणी होत नाही. दोघींना हिस्सा सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं, वडिलोपार्जित मिळकत भावाच्या नावे सोडायची तर मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. पण त्यांनी किंमत *बघून* सोडावं, न बघता नाही. पुढे पंधरा वर्षांनी तिचा मुलगा कोर्टात येतो तो ह्याच कारणानं.

ठेचा_भाकर
ताई आमच्याकडे तर राखीच्या दिवशी सही घेतात.

कोर्टकचेरी
माहीत आहे. 🙂

पऱ्हाटीवाला
नाही नाही, आमच्या बाबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं चार हिस्से. मोठी आत्याच म्हणून राहिली की मले काही नको फक्त देवघरातला बंब दे. बंब देवघरात नव्हताच, पण ते जाऊ द्या.

रुपयांचं कोणी सांगा. काका यूट्यूबवर पाहून आले, त्यायले वाटते एकेक रुपया लाखाचा आहे.

नाणेवेडा
नागपूरवरून. काकांना तो व्हिडिओ बंद करायला सांगा. "जुनं नाणं द्या लाखो घ्या"वाले आधी नोंदणीचे दोन हजार मागतात, मग टॅक्स, मग कुरिअर, आणि कागदावर रिझर्व्ह बँकेचं नाव असतं. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं होतं की आमचा असल्या व्यवहाराशी काही संबंध नाही आणि कमिशन घ्यायला कोणाला नेमलेलं नाही.

आता तुमचे रुपये. राणी व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज, ह्यांचा रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि चांदी ९१.७ टक्के. म्हणजे एका रुपयात साधारण १०.७ ग्रॅम निव्वळ चांदी, चाळीस असतील तर सव्वाचारशे ग्रॅमच्या वर. ही झाली तळाची किंमत, त्याच्या खाली कोणालाच देऊ नका. सहाव्या जॉर्जचे १९४० पासूनचे वेगळे काढा, त्यात चांदी निम्मीच आहे, आणि १९४७ चा तर निकेलचा, चांदीच नाही. सराफ सगळे एकत्र तोलून निम्म्या चांदीचा भाव लावतो हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

चांदीच्या वर किंमत मिळते ती साल, टांकसाळ आणि झीज पाहून. बहुतेक राणीछाप एवढे आहेत बाजारात की थोडंच जास्त मिळतं. १९३९ चा रुपया मात्र दुर्मिळ आहे, आणि म्हणूनच त्याचे नकली भरपूर, १९३८ चा आठ खरवडून नऊ करतात. तुमच्यात ३९ निघाला तर आनंद करण्याआधी भिंगाखाली पहा.

आणि चिंच, राख, ब्रासो, पितांबरी काहीही लावू नका!! काळं आहे तर काळंच राहू द्या. घासलेल्या नाण्याला जाणकार माणूस चांदीचाच भाव देतो.

पांदण_रस्ता
माझ्याकडे १८१८ चं राम दरबारवालं नाणं आहे, ईस्ट इंडिया कंपनी लिहिलं आहे, एका बाबानं दिलं, तांदूळ ओढते म्हणून. किती येतील?

नाणेवेडा
शून्य. कंपनीनं राम-सीतेचं नाणं कधी पाडलंच नाही. ते देवळाबाहेर विकायचं टोकन आहे. आणि तांदूळ ओढणारं म्हणून कोणी पैसे मागत असेल तर पोलीस स्टेशन.

पांदण_रस्ता
अबे यार. बाबानं अकराशे घेतले न बे.

सातपुड्याच्या_पायथ्याशी
पोथ्यांवर कोणी बोललंच नाही अजून, अन् मला तर तेच सगळ्यात मोलाचं वाटून राहिलं. पऱ्हाटीवाला, अक्षर कसं आहे? वरून रेघ ओढून लिहिलेलं, वळणदार, एकाला एक जोडलेलं असेल तर मोडी, अन् मोडी वाचणारे अजून भेटतात, जमिनीचे जुने कागद वाचायला लोक त्यांच्याकडे जातातच. पण अक्षरं देवनागरीसारखी दिसतात अन् तरी शब्द लागत नाही असं असेल, तर महानुभावांची सकळ लिपी (त्यांच्या पंथाची सांकेतिक लिपी) असू शकते. तो सगळा पट्टाच त्यांचा आहे, रिद्धपूर मोर्शी तालुक्यात, तुमच्यापासून काही लांब नाही. तिथल्या मठात जाणती माणसं आहेत, एक पान दाखवलं तरी सांगतील काय आहे ते. नेताना सगळा गठ्ठा नेऊ नका, मोबाईलवर चार-सहा पानांचे फोटो अन् शेवटच्या पानाचा नक्की. शक अन् लिहिणाऱ्याचं नाव असलं तर तिथंच असते.

पोथी ७५ वर्षांच्या वरची अन् साहित्य-इतिहासाच्या कामाची असेल तर कायद्यानं पुरावस्तूत मोडते, बाकी वस्तूले १०० वर्षं लागतात.

पऱ्हाटीवाला
देवनागरीसारखंच दिसते अन् लागत नाही!! फोटो काढतो उद्या.

पुरावस्तू म्हणजे सरकार घेऊन जाईल का? काका हे वाचून राहिले बाजूले बसून, त्यायनं लगेच विचारलं.

सातपुड्याच्या_पायथ्याशी
नाही घेऊन जात, काकांना पाणी द्या. १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. दगड-धातू-लाकडाच्या शंभर वर्षांवरच्या मूर्ती, जुनी चित्रं, चित्रांच्या पोथ्या अशा काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. नोंदणी केली म्हणजे वस्तू तुमच्याचकडे राहते, फोटोसकट कागद मिळतो, मालक बदलला तर कळवायचं. देशाबाहेर नेता येत नाही, अन् धंदा म्हणून विकायला लायसन लागते. तो मोटरसायकलवाला कोणत्या लायसनवर घेत होता ते विचारायचं होतं.

तुमच्या मूर्तीचं पहिले हेच करा. नागपूरला केंद्रीय पुरातत्त्व विभागाचं ऑफिस आहे, राज्याच्या पुरातत्त्वचंही आहे, त्यांना फोटो अन् अर्ज देऊन विचारा. अजब बंगल्यात (मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ पासूनचं) जाऊनही जाणकारांना दाखवता येते. फक्त एक समजून घ्या, ही मंडळी "काय आहे, कोणत्या काळातलं" सांगतील. "किती रुपयाचं" हे ते सांगत नसतात अन् विचारूही नका.

अन् ह्या गोष्टी हलक्यात घेऊ नका. राजनापूर खिनखिनीच्या जैन धातूमूर्ती आपल्या मूर्तिजापूर तालुक्यातल्याच, आज नागपूरच्या संग्रहालयात आहेत. रामटेकजवळच्या हमलापुरीच्या बौद्ध मूर्तीही अशाच, गावातल्या मातीतून निघालेल्या.

संत्राबाग
मूर्ती पूजेतली असेल तर तिची किंमत काढूच नका असं माझं मत. वाटणीच्या यादीत "देव" असा एकच नग लिहा अन् ज्याच्या घरी कुळाचार होते त्याच्याकडे ठेवा. नोंदणी करा, चोरी गेली तर फोटो तरी असेल पोलिसाला द्यायला. हातभर काळी मूर्ती गावात बंद वाड्यात आहे अन् बाहेरचा माणूस पाहून गेला, मला तर आज रात्रीच झोप येणार नाही.

ठेचा_भाकर
हे खरं. मूर्ती आजच काकांच्या राहत्या घरी न्या भाऊ. सोनं, पोथ्या पण.

पऱ्हाटीवाला
नेलं. आत्ता नेलं, म्हणून उशीर झाला उत्तर द्यायला. मूर्ती नेताना बायांनी हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, अर्धं गाव जमा. गुपचूप न्यायचं ठरलं होतं.

पुण्यातला_वऱ्हाडी
😂😂 आता तालुक्याला माहीत झालं.

विटामाती
वाड्याचं मी लिहितो. सिव्हिल इंजिनिअर आहे, व्हॅल्युएशनचं काम करतो, अचलपूर-परतवाडा-दर्यापूर भागात फिरणं असतं.

"गव्हर्नमेंट अप्रूव्हड व्हॅल्युअर" म्हणून जी पाटी दिसते ती बहुतेक जुन्या संपत्ती कर कायद्याच्या ३४ एबी कलमाखालची नोंदणी असते. संपत्ती कर २०१५ मध्ये उठला, पण ती माणसं अजून कामात आहेत, बँका अन् टॅक्सवाले त्यांचे रिपोर्ट घेतात. दुसरी जात म्हणजे कंपनी कायद्याच्या २४७ कलमाखाली आयबीबीआयकडे (केंद्राचं दिवाळखोरी मंडळ) नोंदलेले, तिथं "जमीन आणि इमारत" असा वेगळा वर्ग असतो. कोणाकडेही जा, नोंदणी नंबर मागा अन् तो *घराचा* व्हॅल्युअर आहे का दागिन्यांचा ते पहा. दागिन्यांचे वेगळे असतात. अमरावतीत, अकोल्यात दोन्ही भेटतील, तालुक्याच्या बँकेत विचारलं तर त्यांच्या पॅनलवरची नावं सांगतात.

फी आधी ठरवा अन् ठोक ठरवा. "किमतीच्या टक्क्यात" म्हणाला तर किंमत फुगवण्यात त्याचाच फायदा.

गावठाणातल्या वाड्याची किंमत तीन भागात निघते. जागा, बांधकाम, लाकूड. जागेसाठी नोंदणी विभागाच्या साइटवर वार्षिक मूल्यदर तक्ता आहे, ज्याला आपण रेडी रेकनर म्हणतो, गाव निवडलं की दर दिसतो. तो फुकट आहे, व्हॅल्युअरकडे जायच्या आधी स्वतः पाहून जा. पण खेड्यात रेकनर अन् खरा बाजार ह्यात फरक असतो, दोन्ही बाजूनं. गावात शेवटची दोन-तीन घरं किती फुटाला गेली ते विचारून ठेवा, चांगला व्हॅल्युअर तेच विचारतो.

बांधकाम – मातीच्या भिंती, अर्धी माडी बसलेली, वय ऐंशी-शंभर, म्हणजे घसारा काढल्यावर हाती काही राहत नाही. इथं लोक चिडतात, "आजोबांनी एवढं बांधलं अन् तुम्ही शून्य लावता". काळ्या मातीत पाया हलतो, भिंतीला तडे जातात, त्याला माझा इलाज नाही.

लाकडात मात्र जीव आहे. जुनं पक्कं सागवान, मेळघाटातलं असेल तर बघायलाच नको. ह्याची किंमत मोजून काढा, नजरेनं नाही. सोपं आहे: लांबी फुटात, रुंदी अन् जाडी इंचात, तिन्हीचा गुणाकार भागिले १४४, आलं घनफूट. आठ फुटी खांब, आठ बाय आठ इंच, तर ८ × ८ × ८ ÷ १४४ म्हणजे साडेतीन घनफुटाच्या थोडं वर. असे खांब, तुळया, कडीपाटाच्या फळ्या, चौकटी सगळं वहीत उतरवा. वाळवी लागलेलं, खालून कुजलेलं वेगळं लिहा. मग परतवाड्याच्या लाकडाच्या दुकानात जुन्या सागाचा घनफुटाचा भाव विचारा, दोन-चार ठिकाणी. नक्षीचा मुख्य दरवाजा घनफुटात मोजू नका, तो वेगळा विकतो.

पऱ्हाटीवाला
सायेब हे तर कोणी सांगतच नव्हतं. ग्रामपंचायतीचा नमुना ८ आहे आमच्याकडे आजोबांच्या नावाचा, तेवढ्यावर होते का काम?

विटामाती
नमुना ८ हा घरपट्टीचा उतारा आहे, त्यावर मालकी सिद्ध होत नाही. स्वामित्व योजनेत (एप्रिल २०२० पासूनची, ड्रोनवाली) तुमच्या गावठाणाची मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका तयार असेल, तालुक्याच्या भूमी अभिलेख ऑफिसात विचारा. तिथं अजून आजोबांचंच नाव असेल तर आधी वारसांची नोंद करून घ्या. मोजमाप दोन्हीत वेगळं निघालं तर घाबरू नका, खेड्यात ओटा, गोठा, मागची पडवी कोणी धरते कोणी नाही.

कोर्टकचेरी
आणि पाडायला काढला तर, भिंतीत किंवा जमिनीखाली हंडा-बिंडा निघाला तर परस्पर वाटू नका. १८७८ चा निखात निधी कायदा अजून चालू आहे, दहा रुपयांच्या वर किंमतीचं निघालं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. पेटाऱ्यात, कपाटात ठेवलेल्या आजीच्या वस्तूंना हा लागू नाही, घाबरू नका.

ठेचा_भाकर
हंडा निघाला तर इथं नको लिहू भाऊ फक्त 😄

सातपुड्याच्या_पायथ्याशी
सागवान वाहून नेताना वन विभागाच्या नाक्यावर पास विचारतात हे ध्यानात असू द्या. जुन्या घराचं लाकूड असलं तरी रस्त्यावर गाडी अडवली की सिद्ध तुम्हालाच करावं लागते. पाडायच्या आधी उभ्या वाड्याचे फोटो, ग्रामपंचायतीचा दाखला, अन् रेंज ऑफिसात जाऊन काय कागद लागतात ते विचारणं. "पास मी पाहून घेतो" म्हणणाऱ्या व्यापाऱ्यानं पुढं त्याच पासच्या नावानं भाव पाडलेला पाहिला आहे.

संत्राबाग
पितळेचं राहिलं. भंगारवाला किलोनं घेणार, मोडीच्या भावानं. घंगाळ, बंब, मोठे हांडे हे वजनात नको द्यायला, शहरातले हॉटेल-रिसॉर्टवाले शोधत असतात. पण खरं सांगू का, गंज-कोपर-गडवे यांची किंमत काढत बसलात तर फी जास्त होईल. चार ढीग घाला, बाया बसून वाटून घेतील, आमच्याकडे तसंच केलं. घड्याळ चालू आहे का? चालू असेल तर आतला कंपनीचा छाप अन् नंबर पाहून ठेवा, डबा एकाचा अन् मशीन दुसऱ्याचं अशी जोडलेली फार फिरतात.

पुण्यातला_वऱ्हाडी
टॅक्सचं कोणी बोला. विकलं तर किती जातो?

कोर्टकचेरी
वाटणीत मिळालं त्यावर टॅक्स नाही. पुढे विकलं तर भांडवली नफा. वस्तू आजी-आजोबांनी २००१ च्या आधी घेतली असेल तर १ एप्रिल २००१ ची रास्त किंमत ही मूळ किंमत धरता येते, आणि त्यासाठीच व्हॅल्युअरचा रिपोर्ट कामाला येतो. त्याला सांगा, दोन आकडे द्या, आजचा आणि १ एप्रिल २००१ चा. घर-जागेच्या बाबतीत तो २००१ चा आकडा त्या वेळच्या रेकनरपेक्षा वर नेता येत नाही, दागिन्यांना ही अट नाही. २३ जुलै २०२४ पासून दर १२.५ टक्के झाला, महागाईची सूट गेली, पण त्या तारखेच्या आधीपासून असलेल्या जागा-घराला जुना २० टक्के सुटीसकट की नवा, जो कमी पडेल तो घेता येतो. बाकी सीएला विचारा, मी दिवाणीची आहे.

आणि रोखीचं. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्यावर कॅश घेऊ नका, दंड घेणाऱ्याला बसतो, म्हणजे तुम्हाला. तुमचा तो मोटरसायकलवाला "कॅश देतो" म्हणत होता ना.

पऱ्हाटीवाला
लय उपकार सगळ्यांचे. आज सकाळी रिद्धपूरले फोटो पाठवले एका ओळखीतून, त्यायनं पोथी घेऊन या म्हटलं, फोटोवर नाही सांगता येत म्हणे, पण लिपी तीच आहे. मूर्तीचा अर्ज लिहून ठेवला. काकांनी वही घेऊन खांब मोजायला सुरुवात केली, यूट्यूब बंद आहे.

सोन्याचं सोमवारी अमरावतीले जातो, दोन्ही आत्या सोबत येतो म्हणतात. तिथून आणायचं काय काय, म्हणजे कागदावर काय लिहून मागायचं ते एकदा सांगा कसोटी भाऊ.

कसोटी
आत्या सोबत येतात हे सगळ्यात चांगलं, पुढं कोणी कोणाले विचारणार नाही.

निघायच्या आधी घरीच प्रत्येक नगाचा फोटो, मागचा-पुढचा, अन् साधा काटा असेल तर वजन. सेंटरवर देताना पावतीवर नगवार वजन लिहून घ्या, परत घेताना त्याच पावतीवरून पुन्हा तोलून घ्या, लाजू नका. शुद्धता आकड्यात मागा, ९१६ म्हणजे बावीस कॅरेट, ७५० अठरा. जुन्या दागिन्यात मधलंच काही निघेल, टाक्याच्या जागी कमी दाखवेल, ते चालते. नथीचे मोती-खडे सोन्याच्या वजनात धरू नका. मग त्या दिवशीचा भाव, तारखेसकट, वेगळ्या ओळीत लिहा, कारण तुमची वाटणी होईपर्यंत भाव बदलणार अन् मग कोणीतरी म्हणणारच. शुद्धता अन् निव्वळ वजन बदलत नाही, भाव सही करायच्या दिवशीचा लावायचा असं आधीच ठरवून घ्या.

अन् तिथं बाहेर कोणी "मी काढून देतो, इकडं या" म्हटलं तर जाऊ नका.

पांदण_रस्ता
कसोटी भाऊ, माझ्या बाबाच्या नाण्याले सेंटरवर घेतील का? चांदीचं तर असेल न?

नाणेवेडा
पितळ आहे ते.